अपस्मार असलेल्या मुलाचे खाणे: हट्ट, हावरेपणा आणि त्यामागची खरी कारणे

अपस्माराचे, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचे, निदान झाले की घरातील सर्वांचे लक्ष झटक्यांवर खिळते. झटका केव्हा आला, किती वेळ टिकला, औषधाची वेळ चुकली होती का, याचीच चर्चा होत राहते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र काही महिन्यांनी यांपैकी अनेक घरांत दुसरी एक काळजी वाढू लागते, आणि ती डॉक्टरांपर्यंत क्वचितच नीट पोहोचते. मूल पूर्वीसारखे जेवत नाही, घास तोंडात धरून बसते, आवडता पदार्थसुद्धा बाजूला सारते. किंवा याच्या अगदी उलट घडते: जेवण होऊन तास उलटत नाही तोच ते पुन्हा खायला मागते आणि नाही म्हटले की आकांत करते. पहिल्याला घरची माणसे हट्ट म्हणतात, दुसऱ्याला हावरेपणा, आणि दोन्हींचे खापर बहुधा मुलाचे जेवण सांभाळणाऱ्या व्यक्तीवर फुटते.

माझे म्हणणे असे आहे की अपस्मार असलेल्या मुलाच्या खाण्यात झालेला बदल हा आधी लक्षण म्हणून पाहावा आणि शिस्तीचा प्रश्न म्हणून त्यानंतर. तो बदल आजारामुळे झालेला असू शकतो, औषधामुळे, चावण्या-गिळण्यातील अडचणीमुळे, किंवा झटक्यांच्या भीतीखाली घरात जेवणाची जी रीत पडली आहे तिच्यामुळे. कारण कोणते ते ठरवले नाही, तर चांगल्या हेतूने केलेला उपायही उलटा पडतो. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला भरवण्याची सक्ती केली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, आणि औषधामुळे सतत भूक लागणाऱ्या मुलाला रागावले तर ते लपून खायला शिकते.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. त्यांपैकी बहुसंख्य मुले इतर मुलांसारखीच खातात, वाढतात आणि शाळेत जातात, हे प्रथम सांगितले पाहिजे. हा लेख ज्यांच्या ताटावर आजाराची किंवा उपचाराची सावली पडली आहे त्यांच्याविषयी आहे.

खाण्याचे वर्तन म्हणजे नेमके काय

मूल किती खाते एवढाच हा प्रश्न नसतो. जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मुलांच्या खाण्याच्या वर्तनाविषयी 35 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, जी पालक भरून देतात आणि जी आजही संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात खाण्याचे वर्तन आठ पैलूंत विभागले आहे. अन्न दिसले की खावेसे वाटणे, खाण्यात आनंद मिळणे, सतत काही प्यावेसे वाटणे आणि मन अस्वस्थ असताना जास्त खाणे हे पैलू मुलाला अन्नाकडे ओढतात. पोट लवकर भरणे, संथ खाणे, पदार्थांच्या बाबतीत चोखंदळ असणे आणि मन अस्वस्थ असताना कमी खाणे हे त्याला अन्नापासून दूर नेतात.

ही विभागणी पालकांच्या उपयोगाची आहे, कारण "जेवत नाही" या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एका मुलाला भूकच लागत नाही. दुसऱ्याला भूक लागते, पण दोन-चार घासांत पोट भरते किंवा मळमळू लागते. तिसरे भुकेले असते, पण ताटात जे आहे त्याचा वास, चव किंवा तोंडात लागणारा स्पर्श त्याला सहन होत नाही. या तिघांची कारणे निराळी आणि उपायही निराळे.

भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण मेंदूतच होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग रक्तातील साखर, चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन, जठरातून येणारे घ्रेलिन अशा अनेक संदेशांची नोंद घेऊन भूक वाढवतो किंवा शमवतो. अन्नाविषयीची आवड, भीती आणि आठवण यांचा संबंध मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाशी आहे, आणि अपस्माराचे झटके अनेकदा याच भागातून सुरू होतात. त्यामुळे अपस्मार आणि खाणे हे दोन प्रांत मुळातच एकमेकांपासून फार दूर नाहीत.

झटकाच जेव्हा पोटाचा किंवा तोंडाचा विकार भासतो

काही झटक्यांचे रूप असे असते की ते खाण्याशी किंवा पचनाशी संबंधित वाटावेत. कानशिलाच्या भागातून सुरू होणाऱ्या झटक्यापूर्वी अनेक मुलांना पोटातून काहीतरी वर चढत असल्यासारखे वाटते. लहान मूल ते "पोटात कसेतरी होते" एवढ्याच शब्दांत सांगते. त्याच झटक्यात शुद्ध हरपलेली असताना मूल ओठ चाटते, मचमच आवाज करते, तोंडात काही नसताना चावल्याची हालचाल करते. या हालचाली त्याच्या इच्छेने होत नसतात.

साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात सुरू होणारा एक अपस्मार असा आहे की त्यात झटक्याचे मुख्य लक्षण उलटी हेच असते. मूल बहुधा झोपेत असताना जागे होते, पांढरेफटक पडते, मळमळते, ओकते, आणि त्यानंतर त्याची नजर एका बाजूला वळते किंवा ते प्रतिसाद देईनासे होते. पनायोटोपोलस सिंड्रोम या नावाने तो ओळखला जात असे. त्याचे पुढचे भवितव्य एकंदर चांगले असते आणि बहुतेक मुलांचे झटके काही वर्षांत थांबतात, पण सुरुवातीला तो पोटाचा संसर्ग किंवा अपचन समजला जाण्याची शक्यता मोठी असते. शालेय वयातील आणखी एका सौम्य अपस्मारात झोप लागल्यावर तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते आणि मूल जागे असूनही त्याला बोलता येत नाही.

घास हातात घेऊन मूल काही सेकंद थबकते आणि मग जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा जेवू लागते, हे दृश्य "जेवणात लक्ष नाही" म्हणून सोडून दिले जाते. तो शुद्ध हरपण्याचा छोटा झटका असू शकतो. दिवसातून अनेकदा आणि जेवणाबाहेरही असे होत असेल, तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती डॉक्टरांना दाखवणे हा सर्वांत उपयोगी मार्ग आहे.

क्वचित काही मुलांमध्ये खाण्याची क्रिया हीच झटक्याचे निमित्त ठरते. सिनगॅप-वन या जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या अपस्मारात चावताना किंवा खाताना झटके येतात असे आढळले आहे. अशा मुलाने जेवणाला नकार दिला, तर त्या नकारामागे त्याचा अनुभव असतो. याच्या उलट, तान्ह्या बाळात दूध पाजल्यावर मान वाकडी होणे, पाठ धनुष्यासारखी ताणणे हे जठरातील आम्ल अन्ननलिकेत परत येण्यामुळेही घडते, आणि त्याला चुकून झटका समजले जाते. दोहोंतील फरक घरी ओळखता येईलच असे नाही. त्यासाठी तपासणी लागते.

औषधे आणि भूक

निदानानंतर खाण्यात बदल झाला असेल, तर सर्वांत आधी औषधाकडे पाहावे, कारण बदलाचे मूळ सापडण्याची आणि त्यावर काही करता येण्याची शक्यता तिथे सर्वाधिक असते. अपस्मारावरील औषधे भुकेवर एकसारखा परिणाम करत नाहीत. काही भूक वाढवतात, काही घालवतात, काहींचा फारसा परिणाम होत नाही.

भूक आणि वजन वाढवणाऱ्यांत व्हॅल्प्रोएट हे सर्वपरिचित औषध आहे. ते घेणाऱ्या सर्वच मुलांचे वजन वाढत नाही, पण ज्यांचे वाढते त्यांची भूक खरोखरच वाढलेली असते, आणि इन्सुलिन व लेप्टिन यांच्या पातळीत बदल होत असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे जेवणानंतर लगेच पुन्हा खायला मागणारे मूल खोटे बोलत नसते. त्याचे शरीर त्याला तोच संदेश देत असते. गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, व्हिगाबॅट्रिन आणि पेरॅम्पॅनेल यांनीही वजन वाढू शकते. तान्ह्या बाळांमधील एका विशिष्ट प्रकारच्या झटक्यांवर एसीटीएच हे संप्रेरक किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले जाते, तेव्हा तर काही आठवडे बाळाची भूक अनावर होते आणि चिडचिडही वाढते. हा उपचार थोड्या काळाचा असतो आणि तो संपल्यावर भूक पूर्ववत होते, ही गोष्ट पालकांना आधीच सांगितली तर त्यांचे ते आठवडे पुष्कळच सुसह्य होतात.

दुसऱ्या टोकाला टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधे आहेत. त्यांनी भूक मंदावते आणि वजन घटू शकते. टोपिरामेटमुळे चवीतही बदल होतो. फसफसणारी पेये बेचव किंवा विचित्र लागू लागतात, कारण कार्बन डायऑक्साइडची चव जिभेला ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) कळते तेच विकर हे औषध काही प्रमाणात रोखते. कालपर्यंत आवडणारी गोष्ट मूल आज "घाण लागते" म्हणून दूर लोटत असेल, तर त्याचे म्हणणे खरे असण्याचा पुरेपूर संभव आहे. या दोन्ही औषधांनी मूतखड्याचा धोका वाढतो आणि घाम कमी येतो, म्हणून ती घेणाऱ्या मुलाचे पाणी पिणे हे त्याच्या जेवणाइतकेच महत्त्वाचे ठरते.

शुद्ध हरपण्याच्या छोट्या झटक्यांवर दिल्या जाणाऱ्या एथोसक्सिमाइडमुळे मळमळ, पोटदुखी आणि काही वेळा उचक्या लागतात. औषध जेवणाबरोबर दिल्यास हा त्रास बऱ्याचदा कमी होतो. स्टिरिपेंटॉल आणि कॅनाबिडायॉल यांनीही भूक कमी होते. फेनफ्लुरामिनची कथा तर या विषयाला धरूनच आहे: हे औषध एकेकाळी भूक मारण्यासाठी, वजन कमी करण्यासाठीच विकले जात असे. हृदयाच्या झडपांवर परिणाम होत असल्याचे दिसल्यावर 1997 मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले, आणि 2020 मध्ये अमेरिकेत ड्राव्हे सिंड्रोम या गंभीर अपस्मारासाठी त्याला बऱ्याच कमी मात्रेत, हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या मुलाची भूक मंदावली तर आश्चर्य वाटू नये, आणि त्याचे वजन वरचेवर पाहिले जावे.

लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन ही औषधे वजनाच्या बाबतीत बहुतांशी तटस्थ आहेत. मात्र लेव्हेटिरासेटामने काही मुले चिडखोर होतात, आणि त्या चिडचिडीचा पहिला स्फोट अनेकदा जेवणाच्या वेळीच होतो. भूक असते, पण बसवत नाही, कोणी काही सांगितलेले खपत नाही. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम यांनी गुंगी येते आणि लाळ वाढते, त्यामुळे आधीच कमकुवत असलेले गिळणे आणखी अवघड होऊ शकते. फेनिटॉइन दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या वाढतात आणि चावताना त्या दुखतात. तिथे दाताच्या डॉक्टरांची मदत घेतली पाहिजे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल आणि कार्बामाझेपिन यांच्या दीर्घ वापराने शरीरातील ड जीवनसत्त्व कमी होऊ शकते, जे मुलाच्या भुकेवरून मुळीच कळत नाही.

एका गोष्टीबाबत हयगय चालत नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाची भूक अचानक पूर्ण गेली, वारंवार उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त झाले, पोटात जोरात दुखू लागले किंवा झटके एकाएकी वाढले, तर यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा दाह, किंवा रक्तात अमोनिया वाढणे, अशी दुर्मीळ पण गंभीर कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. यकृताचा हा धोका दोन वर्षांखालील आणि एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या मुलांमध्ये जास्त असतो.

आणि भूक कितीही बिघडली तरी औषध आपल्या मनाने बंद करू नये. अचानक औषध थांबल्याने न थांबणारा, जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. औषध बदलता येते, मात्रा किंवा वेळ बदलता येते, पण हे सारे टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

औषध देण्याच्या पद्धतीने बिघडणारे जेवण

याविषयी फारच कमी बोलले जाते, म्हणून थोडे थांबून सांगतो. कडू औषध मुलाने घ्यावे म्हणून ते त्याच्या जेवणात मिसळण्याची प्रथा सार्वत्रिक आहे, आणि तिच्यातून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की मुलाने वाटीतले अर्धेच खाल्ले, तर औषध किती पोटात गेले ते कोणालाच कळत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या जेवणात काहीतरी लपवलेले असते हे मुलाच्या एकदा लक्षात आले की त्याचा त्या पदार्थावरचा आणि मग हळूहळू सगळ्याच जेवणावरचा विश्वास उडतो; ते प्रत्येक घास हुंगून, उलटसुलट पाहून खाऊ लागते. म्हणून औषध मिसळायचेच असेल तर एखाद्या चमच्यात मावेल एवढ्याच मऊ पदार्थात मिसळावे, मुलाला तसे उघड सांगावे, आणि त्यासाठी त्याचे मुख्य जेवण किंवा अतिशय आवडीचा पदार्थ वापरू नये. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या फोडू वा कुटू नयेत. कोणती गोळी फोडलेली चालते हे औषध देणाऱ्याला विचारून घ्यावे.

काही औषधांचा जेवणाशी थेट संबंध असतो. रुफिनामाइड जेवणाबरोबर घ्यावे लागते. कॅनाबिडायॉल स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर उपाशीपोटी घेतल्याच्या तुलनेत ते चार-पाच पट अधिक शोषले जाते, म्हणून ते रोज एकाच पद्धतीने, म्हणजे नेहमी जेवणाबरोबर किंवा नेहमी जेवणाशिवाय, द्यावे असे सांगितले जाते. नळीने अन्न घेणाऱ्या मुलांत फेनिटॉइनचे शोषण त्या अन्नामुळे घटते.

मुलाने औषध घेतल्यावर लगेच उलटी केली तर काय करायचे, हे आधीच, शांतपणे, प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. आयत्या वेळी अंदाजाने दुसरी मात्रा देणे धोक्याचे ठरू शकते. दिवसभर उलट्या-जुलाब सुरू राहिल्यास औषध पोटात टिकत नाही, आणि अशा आजारपणात झटके वाढण्याचे तेही एक कारण असते.

चावणे, गिळणे आणि निवडक खाणे

अपस्मार पुष्कळदा एकटा येत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणे), बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा जनुकीय आजार त्याच्या जोडीला असले, तर खाण्याच्या अडचणी कितीतरी पटींनी वाढतात. सेरेब्रल पाल्सीत जीभ, जबडा आणि घशाचे स्नायू एकमेकांना साथ देत नाहीत. खाताना खोकला किंवा ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता येणे, छातीचा संसर्ग वारंवार होणे, एकेका जेवणाला नेहमीच अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, ही गिळण्यातील दोषाची चिन्हे आहेत. काही मुलांत अन्न श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही, म्हणून खोकला नाही म्हणजे सारे ठीक असा निष्कर्ष काढता येत नाही. गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. गरज पडल्यास क्ष-किरणांखाली घास कसा उतरतो ते प्रत्यक्ष पाहिले जाते. त्यानंतर अन्नाचा दाटपणा, बसण्याची ठेवण, चमच्याचा आकार यांत बदल सुचवले जातात.

काही मुलांना पोटावरून जठरात बसवलेल्या नळीतून अन्न द्यावे लागते. हा निर्णय पालकांना स्वतःच्या पराभवासारखा वाटतो, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. तो तसा नाही. नळीमुळे औषध वेळेवर आणि पूर्ण पोटात जाते, मुलाचे वजन सावरते, आणि सुरक्षित असेल तेवढे खाणे चवीसाठी तोंडाने चालू ठेवता येते. जेवणावरचा रोजचा झगडा संपल्यावर अनेक मुले तोंडाने खाण्याला पुन्हा राजी होतात.

स्वमग्न मुलांचे निवडक खाणे निराळे असते. ठरावीक रंगाचे, ठरावीक पोताचेच पदार्थ, ठरावीक ताटलीत. यावर सक्ती चालत नाही; आग्रहाने मुलाचा नकार घट्ट होतो. नवा पदार्थ ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवावा, त्याला हात लावायला, हुंगायला मोकळीक द्यावी, आणि स्वीकारायला कित्येक वेळा लागतील हे गृहीत धरावे.

झटक्यांच्या छायेतील जेवणाची वेळ

उपाशी राहिल्याने झटका येईल ही भीती पालकांना सतत असते. जेवण वारंवार चुकणे, झोप न होणे आणि औषध चुकणे यांनी काही मुलांचे झटके वाढतात, म्हणून जेवणाच्या वेळा नियमित असाव्यात हे खरेच. पण एखाद्या वेळी मूल कमी जेवले म्हणून हमखास झटका येतो असे नाही. या भीतीपोटी दर तासाला काहीतरी भरवत राहिले की मुलाला खरी भूक लागतच नाही, आणि मग जेवणाच्या वेळी ते तोंड फिरवते. काय द्यायचे, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलाने ठरवावे. गिळण्याचा दोष किंवा वजनाची गंभीर घट नसलेल्या बहुतेक मुलांना ही विभागणी मानवते.

झटका येऊन गेल्यावर आवडीचा खाऊ देण्याची सवय घरोघरी लागते. तिच्यामागे माया असते, पण शुद्ध पूर्ण परत येईपर्यंत मुलाच्या तोंडात अन्न, पाणी किंवा औषधाची गोळी घालू नये. झटका चालू असताना तर तोंडात काहीच घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, वेळ पाहावी, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीची मदत बोलवावी. जेवताना झटका आला तर तोंडातले अन्न वळवलेल्या कुशीमुळे आपोआप बाहेर येऊ द्यावे, आत बोट घालून काढू नये. झटक्यानंतर मूल गाढ झोपले तर जेवणासाठी उठवण्याची घाई करू नये; पुढच्या औषधाची वेळ मात्र पाहावी.

आहार हाच जेव्हा उपचार असतो

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नाहीत, अशा मुलांसाठी कीटोजेनिक आहाराचा विचार होतो. उपवासाने झटके कमी होतात हे फार जुने निरीक्षण आहे. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवले की उपाशी न ठेवताही, भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्टमय आहाराने शरीरात उपवासासारखीच स्थिती निर्माण करता येईल. अशा आहारात शरीर साखरेऐवजी चरबी जाळते आणि यकृतात कीटोन तयार होतात, जे मेंदू इंधन म्हणून वापरतो.

मूळच्या काटेकोर स्वरूपात दर 4 ग्रॅम स्निग्धामागे प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ मिळून 1 ग्रॅम असतात. एक ग्रॅम स्निग्धातून 9 आणि एक ग्रॅम प्रथिनातून किंवा पिष्टातून 4 उष्मांक मिळतात, हे लक्षात घेतले तर 40 उष्मांकांपैकी 36, म्हणजे 90 टक्के, स्निग्धातून येतात. प्रत्येक घास वजन करून द्यावा लागतो. लंडनमध्ये झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 145 मुलांचा समावेश होता. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातील 38 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक कमी झाले होते, तर आहार सुरू न केलेल्या गटात हे प्रमाण 6 टक्के होते. ग्लुकोज मेंदूत पोहोचवणाऱ्या ग्लूट-वन या वाहकाची उणीव असलेल्या मुलांसाठी तर हा आहार हाच मुख्य उपचार आहे. पुढे अधिक सैल पर्यायही आले: 1971 मध्ये मध्यम साखळीच्या स्निग्धांवर आधारलेला आहार, आणि 2003 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून आलेला सुधारित अ‍ॅटकिन्स आहार, ज्यात वजन-मापाचा जाच कमी असतो.

खाण्याच्या वर्तनाच्या दृष्टीने या आहाराचा विचार निराळा करावा लागतो. कीटोनमुळे भूक मंदावते, म्हणून मूल उपाशी राहते असे सहसा होत नाही. पण ते वेगळे पडते. भावंडांच्या ताटात जे आहे ते आपल्या ताटात नाही, वाढदिवसाला इतर मुले जे खातात ते आपल्याला चालत नाही, आणि ताटातले शेवटच्या थेंबापर्यंत संपवावेच लागते, कारण उरलेल्या स्निग्धाने सारे प्रमाण बिघडते. चोखंदळ मुलासाठी ही परीक्षाच असते. लहान, समजण्याच्या वयातल्या मुलाला कारण स्पष्ट सांगितले, घरातील इतरांनी त्याच्यासमोर खाण्याबाबत थोडा विचार ठेवला, आणि शाळेतील शिक्षकांना आधीच विश्वासात घेतले, तर पुष्कळ मुले हा आहार आश्चर्यकारक निष्ठेने पाळतात. गोड औषधी सिरपमधली साखरसुद्धा हिशेबात धरावी लागते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही.

हा आहार वाचून किंवा ऐकून घरी सुरू करण्याचा नाही. स्निग्धाम्लांचे ज्वलन न होणाऱ्या काही जन्मजात विकारांत तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून आधी रक्ततपासण्या होतात. बद्धकोष्ठ, मूतखडे, रक्तातील चरबी वाढणे आणि उंचीची वाढ मंदावणे हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत; शिवाय जीवनसत्त्वे आणि खनिजे वेगळी द्यावी लागतात. साधारण तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर तो हळूहळू थांबवला जातो. फरक दिसला तर बहुधा दोन वर्षांपर्यंत चालवला जातो.

किशोरवय

पौगंडावस्थेत वजन हा विषय एकदम नाजूक होतो. व्हॅल्प्रोएटने वजन वाढलेली मुलगी किंवा मुलगा आरशात पाहून गोळी गुपचूप टाकून देण्याची शक्यता याच वयात सर्वाधिक असते, आणि पालकांना ते कळते ते थेट झटका आल्यावर. मुलींच्या बाबतीत व्हॅल्प्रोएटचा संबंध पाळीच्या अनियमिततेशी आणि बीजांडकोशाच्या विकाराशीही आहे, आणि पुढे गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे या वयात ते शक्यतो टाळले जाते. उलट, टोपिरामेटने वजन घटते हे कळल्यावर ते घटणे हवेहवेसे वाटू लागते आणि खाण्याच्या विकाराची सुरुवात झाकली जाते. म्हणून या वयाच्या मुलाशी डॉक्टरांनी थोडा वेळ एकट्याने बोलावे, आणि वजनाविषयी घरात चेष्टा होऊ नये. "वजन वाढतेय म्हणून औषध नको वाटते" असे मुलाने मोकळेपणाने सांगितले, तर दुसऱ्या औषधाचा विचार करता येतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे

"जेवत नाही" या तक्रारीवर डॉक्टर फारसे काही करू शकत नाहीत. तारखा असतील तर पुष्कळ करू शकतात. बदल केव्हा सुरू झाला, त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कोणते औषध सुरू झाले किंवा वाढवले, मळमळ औषधानंतर किती वेळाने होते, जेवणाला किती वेळ लागतो, मूल काय नाकारते आणि काय आनंदाने खाते, हे पाच-सात दिवस लिहून काढले तर कारण अनेकदा त्या कागदावरच दिसते. झटक्यांच्या नोंदवहीतच ताटाचा एक रकाना वाढवला की वेगळी वही लागत नाही. ज्या मुलाला मानेतील व्हेगस या मज्जातंतूला उत्तेजन देणारे यंत्र छातीत बसवले आहे, त्याला खाताना घशात त्रास होत असेल तर तेही सांगावे, कारण ते यंत्र जेवणापुरते चुंबकाने थांबवता येते.

मुलाची उंची आणि वजन प्रत्येक भेटीत मोजून आलेखावर मांडावे, असा आग्रह पालकांनी धरावा. एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा रेषा कोणत्या दिशेला चालली आहे ते महत्त्वाचे असते. शिवाय लहान मुलांचे औषध बहुधा वजनाच्या किलोमागे इतके मिलिग्रॅम असे ठरवले जाते, त्यामुळे वजन बरेच वाढले किंवा घटले असेल तर जी मात्रा सहा महिन्यांपूर्वी योग्य होती ती आज अपुरी किंवा जास्त ठरू शकते आणि ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.